मिशनयात्रा आणि आपल्या आवडीनिवडी

वाचन : लूक १०:१-१२; प्रेषितांची कृत्ये १५:३६ ते १६:१५; गलतीकर २:१-१४



ऑक्टोबर महिन्यातला शेवटून दुसरा रविवार जगभरची ख्रिस्तसभा मिशन रविवार म्हणून पाळते. परमगुरू अकरावे पायस यांनी १९२६ साली ही प्रथा सुरू केली. त्या दिवशी आपण मिशनकार्यासाठी प्रार्थना करतो आणि यथाशक्ती दान देतो. काही जण त्याच्याही पुढे जातात. दहा-पंधरा जणांचा गट करून चार-पाच दिवसांसाठी डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या बाजूच्या मिशन केंद्रांवर जातात. कोणी मुलांचे शिबिर घेतात, कोणी सिस्टरांबरोबर पाड्यांवर घरभेटी करतात, कोणी औषधवाटपाला हात लावतात. अशा गटात जाणाऱ्यांसाठी हा पाठ आहे. ज्यांना जायचे नाही त्यांनीही तो वाचावा. वेलंकनीच्या यात्रेला निघणाऱ्या बसमध्ये किंवा आपल्या लघु ख्रिस्ती समूहाच्या सहलीतही हेच प्रश्न येतात.

गट निघण्यापूर्वी तयारीची सभा होते. औषधे किती, वह्या किती, खाऊ कोण आणणार, टेम्पो किती वाजता येणार, सगळे ठरते. एका सामानाचा विषय मात्र तेथे सहसा निघत नाही. प्रत्येकाच्या खांद्यावर न दिसणारे एक गाठोडे असते. मला उठल्याबरोबर चहा लागतो. पंख्याशिवाय मला झोप येत नाही. गाडीत खिडकीची जागा माझी. मासळी नसली तर घास उतरत नाही. रोझरी गुडघ्यांवरच झाली पाहिजे. गीते जुनीच बरी, ती टाळ्या वाजवून म्हणायची नकोत. किंवा याच्या अगदी उलट. घरी या गाठोड्याचे वजन जाणवत नाही, कारण घरच्यांनी आपल्या सवयींभोवती त्यांचा दिवस बसवून घेतलेला असतो. पंधरा माणसे एका वर्गखोलीत झोपू लागली आणि पंधरा जणांना मिळून दोन न्हाणीघरे आली, की सगळी गाठोडी एकदम सुटतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुरबुर सुरू होते. श्रद्धेच्या एखाद्या गहन प्रश्नावरून ती क्वचितच असते. बहुतेक वेळा ती चहावरून असते.

ज्यांच्याकडे आपण गेलो ती माणसे हे सारे पाहत असतात. आपले पुस्तकी मराठी वारली बोली बोलणाऱ्या आजीला पुरते कळेलच असे नाही. ताट बाजूला सारताना आपल्या चेहऱ्यावर काय होते, ते मात्र तिला नेमके कळते.

समोर वाढलेले

प्रभू येशूने बहात्तर शिष्यांना दोघादोघांनी पुढे पाठवले, तेव्हा त्याने काही सूचना दिल्या. थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत, हे आपल्या लक्षात राहते, कारण त्यावर प्रवचने झालेली असतात. पण त्या उताऱ्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती दोनदा आली आहे. ज्या घरात उतराल तेथे ते लोक जे देतील ते खा आणि प्या, असे सातव्या वचनात आहे. ज्या नगरात तुमचे स्वागत होईल तेथे जे पुढे ठेवतील ते खा, असे लगेच आठव्या वचनात आहे. देवराज्याची घोषणा आणि आजाऱ्यांना बरे करणे, या दोन मोठ्या कामांचा उल्लेख त्यानंतर नवव्या वचनात येतो. आधी जेवण, मग सेवा आणि संदेश, असा तो क्रम आहे.

या दोन वचनांच्या मध्ये येशू आणखी एक गोष्ट सांगतो : घरे बदलत फिरू नका. हे सांगण्याची गरज का पडावी? गावात नवखा माणूस आला की पहिल्या रात्री ज्याचे दार उघडेल तेथे तो उतरतो. बहुधा ते घर साधेच असते. दोन दिवसांत त्याच्या येण्याची बातमी गावभर होते आणि बऱ्या परिस्थितीतला कोणीतरी त्याला आपल्याकडे बोलावतो. तेथे अंथरूण मऊ, जेवण चांगले. पाहुणा उठून तिकडे गेला, तर पहिल्या घरातल्या माणसांनी काय समजावे? त्याने त्यांना शांती दिली होती. तीच शांती तो आता बरोबर उचलून घेऊन चालला आहे, असेच त्यांना वाटणार. आणि ते खोटे ठरणार नाही.

आपल्या मिशन भागात हे कसे घडते ते पाहा. पावसाळ्यात भात आणि नागलीची शेती असते. पुढे दिवाळीनंतर अनेक घरांतली माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. त्यांतली काही आपल्याच वसई तालुक्यात येतात. अशा घरात पाहुणे येणार म्हटल्यावर नागलीची भाकर, भात, डाळ असे काहीतरी होते आणि कधी अंगणातली एखादी कोंबडीही कापली जाते. ती कोंबडी विकून जे पैसे आले असते त्यांचा हिशेब त्या घराने मनात करून ठेवलेला असतो. तेथे आपल्यातला एक जण म्हणतो, मला भूक नाही, नाश्ता उशिरा झाला. दुसरा म्हणतो, मला हे सोसत नाही. तिसरा पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढतो. वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण त्या बाईने पहाटेपासून जे केले ते आपण पाच मिनिटांत परत केलेले असते.

यावर उपाय सोपा आहे. पहिले वाढलेले घ्यावे, थोडेच वाढायला सांगावे, आणि घेतले ते सारे संपवावे. दुसऱ्यांदा वाढायला आल्यावर हात आडवा धरला तर कोणाला वाईट वाटत नाही. पाण्याची गोष्ट वेगळी आहे. बाहेरच्या पाण्याने पोट बिघडले तर ओझे यजमानांवरच पडते. म्हणून केंद्रावरून उकळलेले पाणी सर्वांसाठी भरून न्यावे. एकाच्या हातात विकतची बाटली आणि बाकीचे तांब्यातून पिणारे, असे दृश्य टाळावे.

अंत्युखियातील पंगत

जेवणाच्या आवडीनिवडी एवढ्या महत्त्वाच्या आहेत का, असे कोणी विचारेल. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात संत पौल जो प्रसंग सांगतात, तो या प्रश्नाचे उत्तर आहे. अंत्युखियाच्या ख्रिस्तसभेत यहुदी आणि परराष्ट्रीय एकत्र जेवत असत. केफा, म्हणजे संत पेत्र, तेथे आले तेव्हा तेही सर्वांबरोबर जेवू लागले. पुढे याकोबाकडून काही मंडळी आली. त्यांना काय वाटेल या भीतीने पेत्र हळूहळू वेगळे बसू लागले. त्यांचे पाहून बाकीचे यहुदी ख्रिस्ती वेगळे बसले आणि शेवटी बर्णबाही त्यात ओढले गेले. पौलांनी सर्वांसमक्ष पेत्रांना याचा जाब विचारला.

पेत्रांनी तोंडाने कोणती चुकीची शिकवण दिली, असे पौल कोठेच म्हणत नाहीत. ते फक्त दुसरीकडे जेवायला बसले. तरीही पौलांच्या दृष्टीने हे वागणे शुभवर्तमानाच्या सत्याला धरून नव्हते. आपल्या देशात ही गोष्ट जास्त लवकर समजावी. कोण कोणाच्या हातचे पाणी पितो आणि कोण कोणाच्या पंगतीला बसतो, यावर येथे शतकानुशतके माणसांची पायरी ठरली आहे. पाड्यावर आपल्या गटाने एका कोपऱ्यात गोल करून स्वतःचे डबे उघडले, तर आपल्या मनात फक्त तिखट न चालण्याचा विचार असेल. पाहणाऱ्याला मात्र जुनाच अर्थ दिसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

आवड कोणती, गरज कोणती

येथे एक सावधगिरी हवी. आवड बाजूला ठेवा, असे सांगणाऱ्यांना कधी कधी दुसऱ्याची गरजही आवडच वाटते. मधुमेह असलेल्या माणसाला वेळेवर जेवण लागते. ही त्याची नखरेल सवय नव्हे. गुडघे दुखणाऱ्या मावशींना जमिनीवर झोपणे जमत नसेल, तर खाट मागण्यात कमीपणा नाही. स्त्रिया आणि मुली गटात असतील तर स्वच्छतागृह कोठे आहे, रात्री तेथे दिवा आहे का, हे आधी विचारायला हवे. थोडे सांभाळून घ्या, असे म्हणून उडवून लावण्याची ही बाब नाही. अशा गोष्टी निघण्यापूर्वी गटप्रमुखाला खाजगीत सांगाव्यात. ऐनवेळी कळले तर सर्वांची धावपळ होते आणि सांगणाऱ्यालाही संकोच वाटतो.

संत पौल स्वतः किती कठोर जीवन जगले ते आपण जाणतो. पण तीमथ्याची प्रकृती वारंवार बिघडते हे त्यांच्या ध्यानात होते. नुसते पाणी पीत राहू नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असा सल्ला त्याला पहिल्या पत्रात दिलेला आहे (१ तीमथ्य ५:२३). एवढ्या मोठ्या पत्रात पोटाच्या तक्रारीला जागा मिळाली, हे मला नेहमीच आवडते.

दुसरी सावधगिरी मला अधिक महत्त्वाची वाटते. प्रत्येक गटात दोन-तीन माणसे अशी असतात की जी न सांगता मागे सरतात. शेवटी आंघोळ तीच करतात, गाडीत मधल्या सीटवर तीच बसतात, आणि सगळ्यांचे जेवण झाल्यावर भांड्यांकडेही तीच वळतात. त्यांत स्त्रिया जास्त असतात, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे. गटात तंटा नाही म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नये. कदाचित चौघांची शांतता दोघींच्या कमरेवर उभी असेल. रात्रीच्या प्रार्थनेत आत्मपरीक्षणासाठी पाच मिनिटे ठेवतात, तेव्हा मी आज दुसऱ्यासाठी काय सोडले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारतो. त्यासोबत, आज माझ्यासाठी कोणी काय सोडले, हेही विचारून पाहावे. हे उत्तर सापडायला जास्त वेळ लागतो. सापडले की दुसऱ्या दिवशी भांड्यांची पाळी आपोआप बदलते.

तीमथ्य आणि तीत

आवड सोडायची, पण तत्त्वही सोडायचे का? संत पौलांच्या जीवनातले दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे याचे उत्तर मिळते.

लुस्त्र येथे पौलांना तरुण तीमथ्य भेटला. आई यहुदी, वडील ग्रीक. त्याला बरोबर न्यायचे ठरल्यावर, त्या भागातील यहुद्यांचा विचार करून, पौलांनी त्याची सुंता करवली (प्रेषितांची कृत्ये १६:१-३). वाचणारा येथे चक्रावतो. कारण परराष्ट्रीयांवर सुंतेची सक्ती नको, हा निर्णय यरुशलेमच्या सभेत नुकताच झाला होता, आणि त्यासाठी सर्वांत जास्त झगडणारे पौलच होते. दुसरीकडे तीत हा ग्रीक सोबती. त्याच्याविषयी गलतीकरांच्या पत्रात पौल अभिमानाने सांगतात की, दबाव येऊनही त्याला सुंता करून घ्यावी लागली नाही.

एकाची केली आणि दुसऱ्याची करू दिली नाही, हा धरसोडपणा आहे का? तीताच्या वेळी मागणी अशी होती की, याशिवाय तू पूर्ण ख्रिस्ती नाहीस. तेथे मान्य केले असते तर ख्रिस्ताच्या कृपेवरच प्रश्नचिन्ह लागले असते. म्हणून पौल तसूभरही हलले नाहीत. तीमथ्याच्या वेळी तारणाचा प्रश्न नव्हता. यहुद्यांच्या सभास्थानात त्याला आत जाता यावे, ऐकणाऱ्यांचे मन पहिल्याच पावलाला बंद होऊ नये, एवढेच होते. तेथे पौलांनी स्वतःचे मतही बाजूला ठेवले आणि तरुण तीमथ्याने तर शरीराची वेदना सोसली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल म्हणतात की ते यहुद्यांसाठी यहुदी झाले आणि दुर्बळांसाठी दुर्बळ. त्याचा खरा अर्थ लुस्त्रमध्ये दिसतो.

आपल्या गटालाही हीच कसोटी लावता येते. गटातल्या कोणी स्थानिक माणसाची टिंगल केली, मुलांचे फोटो त्यांना किंवा आईवडिलांना न विचारता काढले, किंवा मदतीच्या बदल्यात कोणाला प्रार्थनेला बसायला भाग पाडले, तर गटाच्या एकोप्यासाठी गप्प राहणे हा सद्गुण नव्हे. तेथे बोलावे. मात्र प्रार्थना सकाळी सहाला की साडेसहाला, गिटार असावी की नसावी, शिबिरात मुलांना आधी खेळ की आधी गोष्ट, अशा ठिकाणी तत्त्वाची भाषा वापरू नये. माझ्या आवडीला तत्त्वाचा झगा घालण्याची सवय आपल्याला असते, आणि धार्मिक माणसांना ती जरा जास्तच असते.

बेत बदलतो तेव्हा

तीमथ्य सामील झाल्यानंतर लगेच जे घडले ते गटप्रमुखांनी सावकाश वाचावे. पौलांना आशिया प्रांतात जायचे होते. पवित्र आत्म्याने मनाई केली. मग ते बिथुनियाकडे वळू लागले. तेथेही वाट बंद. शेवटी समुद्रकाठी त्रोवस येथे येऊन थांबले. एवढी पायपीट झाली आणि हातात काहीच नाही. गटात त्या दिवसांत काय बोलणे झाले असेल, ते लूक लिहीत नाही.

मग रात्री पौलांना दर्शन झाले. मासेदोनियातील एक मनुष्य उभा राहून मदतीला बोलावत होता. पुढचे वाक्य महत्त्वाचे आहे. दर्शन एकट्या पौलांना झाले, पण देवाने आपल्याला तिकडे बोलावले आहे असा निष्कर्ष मात्र ‘आम्ही’ काढला, असे लूक लिहितो. प्रेषितांच्या कृत्यांत हा ‘आम्ही’ याच ठिकाणी पहिल्यांदा येतो. प्रमुखाला दिसले ते त्याने गटापुढे ठेवले आणि ठरवले सर्वांनी. आपल्याकडे पुष्कळदा गटप्रमुखाची स्वतःची आवड हीच गटाची शिस्त होऊन बसते. त्याला उन्हात चालायला आवडते म्हणून सगळे चालतात. त्याला बोलायला आवडते म्हणून सभा लांबते. आवड सोडण्याचा पाठ सर्वांत आधी त्याच्यासाठी आहे, कारण त्याची आवड कोणी त्याला आवड म्हणून दाखवत नाही.

फिलिप्पै येथे पोहोचल्यावर शब्बाथ दिवशी ते नदीकाठी गेले. दर्शनात पुरुष दिसला होता. येथे भेटल्या त्या प्रार्थनेला जमलेल्या स्त्रिया. त्यांत लुदिया नावाची जांभळी वस्त्रे विकणारी बाई होती. प्रभूने तिचे अंतःकरण उघडले आणि घरच्यांसह तिचा बाप्तिस्मा झाला. ही लुदिया थुवतीरा गावची, आणि थुवतीरा आशिया प्रांतात आहे. ज्या आशियाचे दार पौलांसाठी बंद झाले होते, तेथली बाई त्यांना समुद्रापलीकडे भेटली. त्यानंतर तिने आग्रह करून सर्वांना आपल्या घरी उतरवून घेतले. हाताने काम करून पोट भरणारे पौल, कोणावर भार न टाकण्याची त्यांची रीत. येथे मात्र त्यांनी यजमानीण म्हणेल तसे केले.

शिबिर शाळेच्या मैदानावर ठरले होते आणि ऐनवेळी ते एखाद्या पाड्यावरच्या झाडाखाली घ्यावे लागले, की गटातले अर्धे लोक मनाने घरी परततात. तेव्हा त्रोवसची आठवण काढावी.

संत फ्रान्सिस झेवियर आणि एक वेगळी आवड

मिशनकार्याचे आश्रयदाते संत फ्रान्सिस झेवियर आपल्याकडे आले, तेही ठरलेल्या बेतानुसार आलेले नव्हते. १५३४ साली पॅरिसमध्ये संत इग्नेशियस आणि त्यांच्या सोबत्यांनी पवित्र भूमीला जाण्याचे व्रत घेतले. १५३७ साली ते व्हेनिसला जमले, पण तुर्कांशी युद्ध पेटल्यामुळे यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही. मग त्यांनी स्वतःला परमगुरूंच्या हवाली केले. १५४० साली पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानासाठी धर्मगुरू मागितले, तेव्हा सिमाव रॉड्रिग्ज आणि निकोलस बोबादिया यांची नावे ठरली. बोबादिया आजारी पडले. रोममध्ये लिखापढीचे काम पाहणाऱ्या फ्रान्सिस यांना निघण्याच्या जेमतेम एक दिवस आधी सांगण्यात आले. पुढे लिस्बनला राजाने रॉड्रिग्ज यांना स्वतःकडे ठेवून घेतले. ७ एप्रिल १५४१ रोजी फ्रान्सिस जहाजावर चढले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. वाटेत मोझांबिकला कित्येक महिने अडकून पडले. चरित्रकार सांगतात की, परमगुरूंचे प्रतिनिधी म्हणून त्यांच्या सेवेला नोकर देऊ केला होता. तो त्यांनी नाकारला आणि प्रवासात आजाऱ्यांची सेवा केली.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. जपानमधली गोष्ट कमी सांगितली जाते. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते कागोशिमाला उतरले. गरीब वेषात, पायी, थंडीत ते राजधानी मियाको, म्हणजे आजच्या क्योटो, येथे १५५१ च्या सुरुवातीला पोहोचले. सम्राटाची भेट झाली नाही. अशा वेषातल्या परदेशी माणसाला तेथे कोणी दारात उभे करीना. साधेपणा ही फ्रान्सिस यांची मनापासूनची निवड होती, तीही ख्रिस्तावरील प्रेमापोटी केलेली. तरी ते त्यातून शिकले. परत येऊन त्यांनी चांगली वस्त्रे घातली, अधिकृत पत्रे आणि घड्याळासारख्या भेटवस्तू घेतल्या आणि यामागुचीच्या अधिपतीपुढे राजदूत म्हणून उभे राहिले. त्याने प्रचाराला परवानगी दिली आणि राहायला एक रिकामा बौद्ध मठही दिला. पुढच्या काही महिन्यांत तेथे सुमारे ५०० जणांनी बाप्तिस्मा घेतला.

पंखा किंवा चहा सोडणे कठीण असते, पण ती आवड आहे हे आपल्याला कळते तरी. फाटका झगा सोडणे फ्रान्सिस यांना किती जड गेले असेल! आपल्या गटातही अशा पवित्र आवडी असतात. एखाद्याला जमिनीवर झोपून, उपाशी राहून सेवा करायची असते. यजमानांनी खाट दिली, गोडधोड केले, तर तो नाराज होतो. त्याला गरिबांसारखे राहायचे आहे, आणि गरीब माणसाला पाहुण्याला चांगले द्यायचे आहे. अशा वेळी खाटेवर झोपावे.

दुभाष्याचे काम

जपानशी आपल्या वसईचे नाते संत गोन्सालो गार्सिया यांच्यामुळे जोडले गेले. त्यांचा जन्म वसईत १५५७ च्या सुमारास झाला. तरुणपणी ते जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, भाषा शिकले, धर्मशिक्षकाचे काम केले. त्या संघात प्रवेश मिळण्याची त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. काही काळ व्यापार करून ते मनिलाला फ्रान्सिस्कन संघाचे बंधू झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या गटाला जपानच्या सत्ताधीशाकडे, हिदेयोशीकडे, पाठवण्यात आले, तेव्हा त्या गटाची वाणी म्हणून ब्रदर गोन्सालो बरोबर होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर २५ जणांबरोबर त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली ते संतपदाला पोहोचले.

आपण त्यांचे हौतात्म्य आठवतो. या पाठासाठी मला त्यांचे दुभाष्याचे काम आठवते. दुभाष्या सर्वांत जास्त बोलतो, पण त्यातले स्वतःचे काहीच नसते. देश त्याला जास्त कळतो, माणसे त्याला जास्त ठाऊक असतात, तरी दुसऱ्याचे वाक्य त्याला तसेच पोहोचवावे लागते. मिशन केंद्रावर गेल्यावर आपल्यासाठी हे काम तेथले धर्मशिक्षक करतात. आपले वीस मिनिटांचे भाषण ते वारलीत सांगतात, मुलांना गप्प बसवतात, आणि फोटोत मात्र येत नाहीत. त्यांना आधी विचारावे की, येथे काय बोलले तर लोकांना उपयोग होईल, आणि ते सांगतील तेवढेच बोलावे.

मार्कचे काय झाले

शेवटी प्रेषितांची कृत्ये १५:३६-४१ हा भाग. पहिल्या प्रवासात तरुण योहान मार्क पंफुल्यातून अर्ध्यावरच घरी परतला होता. कारण लूक देत नाही. दुसऱ्या वेळी बर्णबांना त्याला पुन्हा घ्यायचे होते. तो त्यांचा नातलग होता हे खरे, पण पडलेल्याला उभे करणे हा बर्णबांचा स्वभावच होता. पौलांना वाटले, मध्येच सोडून जाणाऱ्यावर काम कसे सोपवायचे? वाद इतका तीव्र झाला की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेले, पौल सीलाला घेऊन सिरियाकडे. कोणाचे बरोबर होते ते लूक सांगत नाही. आपणही तेथे न्यायाधीश होऊ नये. एवढे मात्र दिसते की, दोघांनीही काम थांबवले नाही आणि दोघांनीही एकेका तरुणाला बरोबर घेतले.

गेल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी घरची आठवण येऊन परतलेला एखादा मुलगा यंदा पुन्हा नाव देत असेल, तर त्याचे नाव खोडण्यापूर्वी गटाने एकदा हा उतारा आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय एकत्र वाचावा. तेथे पौल बंदिवासात आहेत. जवळ फक्त लूक आहे. ते तीमथ्याला कळवतात की मार्कला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. त्याच ओळींत पुढे स्वतःसाठीही थोडे मागणे आहे. त्रोवसला कर्पाजवळ राहिलेला झगा आण, पुस्तके आण, चर्मपत्रे तर आणच. आणि जमले तर हिवाळ्याच्या आत ये.